'दात' शोधलं आणि भलतंच आलं: ऑफलाइन मेडिकल अ‍ॅप करतानाचा अनुभव

या कामात नवीन येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात की फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींचं अ‍ॅप) घेऊ की नेटिव्ह (प्रत्येकासाठी वेगळं). ते नंतर ठरवा हो. आधी हे बघा की अ‍ॅप कोण उघडणार आणि कधी. समोर पेशंट, रेंज नाही, फोन जुना, आणि बघायचंय एवढंच की डोस किती. मी बाकी सगळं ठरवताना हेच डोळ्यासमोर ठेवतो.

साइझचं थोडक्यात सांगतो. देवनागरीचा एकेक कोडपॉइंट, म्हणजे एक अक्षर किंवा काना-मात्रेसारखं एक चिन्ह, यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट घेतो, म्हणजे 'दात' एवढासा शब्द ९ बाइटचा, पण टेक्स्ट छान कॉम्प्रेस होतं त्यामुळे त्याची काळजी नको, जागा खातात ते फोटो. आकृत्या एसव्हीजीत ठेवा (रेषांच्या रूपात साठवलेलं चित्र), फोटो वेबपीमध्ये (कमी जागेचा फोटो फॉरमॅट), आणि तेही फक्त जिथे डोळ्यांनी ओळखायचंय तिथेच, पुरळ वगैरे. अजून एक, डेटाबेस झिप करून दिलात तर पहिल्यांदा उघडताना झिप आणि मोकळी फाइल अशी दोन्हींची जागा लागते, आणि स्टोरेज भरलेला फोन तिथेच अडकतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला सर्चमध्ये. एसक्यूलाइट (फोनमध्येच राहणारा डेटाबेस) याचं एफटीएस५ हे शब्द शोधायचं साधन घेतलं, इंग्रजीत मस्त चाललं, मग मराठी मजकूर भरून 'दात' टाइप केलं तर 'औषध देताना' असलेली सगळी पानं समोर! दोन दिवस डोकं लावलं तेव्हा कळलं की त्याचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मूळ सेटिंगमध्ये फक्त अक्षरं आणि अंक धरतो, काना-मात्रा-वेलांटी ही त्याच्या लेखी चिन्हं, म्हणून तिथे तो शब्द तोडतो. मग 'दात' झाला 'द' आणि 'त', आणि 'देताना'ची सुरुवातही तीच. त्याच्या कॅटेगरीजच्या सेटिंगमध्ये एमएन आणि एमसी (काना-मात्रांसारख्या चिन्हांचे युनिकोडमधले वर्ग) वाढवून इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, परत बांधला की सुटतं. पण तेवढ्याने भागत नाही, कारण माणूस 'डोकं' लिहितो, मजकुरात 'डोक्यात' असतं, कोणी 'पॅरासिटामोल' लिहितो कोणी 'पॅरासिटामॉल', त्यामुळे पर्यायी शब्दांचं वेगळं टेबल हाताने भरावंच लागतं. कंटाळवाणं आहे, पण अ‍ॅप उपयोगी ठरतं ते या टेबलामुळे, म्हणून ते सगळ्यात ज्युनियर माणसावर ढकलू नका.

डोस लिहिताना तर एकेक टिंब महत्त्वाचं. ५.० असं कधीच लिहू नका, बारक्या स्क्रीनवर टिंब दिसलं नाही की ते ५० होतं, आणि नुसतं .५ पण नको, ०.५ लिहा. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहा, कारण मिलिग्रॅमशी गल्लत झाली तर फरक थेट हजारपट. मराठी अ‍ॅपमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी मला टीममधल्या डॉक्टरांनी दाखवली: देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ घाईत सारखेच दिसतात. म्हणून डोसचे आकडे आम्ही सगळीकडे औषधाच्या पाकिटावर असतात तसे इंग्रजीतच ठेवले. आणि सिरपचा डोस नुसता मिलिलिटरमध्ये देऊ नका, पॅरासिटामॉलचंच सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं तसं २५० पण असतं, त्यामुळे आधी बाटलीची स्ट्रेंग्थ निवडायला लावा, मगच मिलिलिटर दाखवा.

आता राहिलं जुनं होण्याचं. ऑनलाइन पान दुरुस्त केलं की सगळ्यांना नवीन दिसतं, इथे तसं नाही, एकदा दिलेली कॉपी वर्षानुवर्षं त्या फोनमध्ये पडून राहू शकते. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सीपीआरचा क्रम बदलला, मोठ्यांमध्ये आधी तोंडाने श्वास देण्याऐवजी छाती दाबायला सुरुवात करा असं आलं. ओआरएसचं सूत्र २००२ मध्ये बदललं, क्षार-साखरेची एकूण तीव्रता लिटरला ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आली. अशा एखाद्या बदलाआधीची कॉपी कोणाच्या फोनमध्ये असेल तर ती अगदी आत्मविश्वासाने जुनंच सांगत बसेल. म्हणून तपासल्याची तारीख 'अबाउट'मध्ये लपवू नका, प्रत्येक पानावर शीर्षकाखालीच टाका, आणि अपडेट देताना आख्खा डेटाबेस न पाठवता फक्त बदललेली पानं पाठवा, म्हणजे दोन मिनिटं रेंज आली तरी काम होतं.

टेस्टिंग एअरप्लेन मोड लावून, फोन रीस्टार्ट करून करा. आमचं अ‍ॅप ऑफिसात सुरळीत चालायचं, पण असं केल्यावर पहिल्याच स्क्रीनवर गोल फिरत राहिलं, लॉगिनचं टोकन (लॉगिन चालू असल्याची खूण) रिन्यू करायला ते नेट शोधत होतं. त्याच दिवशी लॉगिन काढून टाकलं.