घर मुलांच्या नावावर करताय? आधी या चुका टाळा

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की मुंबईत घरोघरी हा विषय निघतोच. "बाबा, आत्ताच माझ्या नावावर करून टाका, नवीन ॲग्रीमेंट डायरेक्ट माझ्या नावाने होईल, नंतर कटकट नको." राहतं घर मुलाला नाहीतर नातवंडाला बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, त्यामुळे लोक फार विचार न करता सही करून मोकळे होतात. मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी सही हीच.

कारण गिफ्ट डीड, म्हणजे बक्षीसपत्र, एकदा रजिस्टर झालं की घर तुमचं राहत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे, मुलगा सांभाळत नसेल तर बक्षीसपत्र रद्द करून मिळतं, हे खरंय. पण सांभाळ करायच्या अटीवर घर दिलंय हे दिसायला हवं, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलंय. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला घर परत मिळालं, कोर्टाने कायद्याचा अर्थ आईवडिलांच्या बाजूने लावला, पण तिथेही मुलाने सांभाळायचं लिहून दिलेलं होतंच. म्हणून द्यायचंच असेल तर डीडमध्ये स्पष्ट लिहून घ्या की आम्ही दोघं हयात असेपर्यंत याच घरात राहणार आणि जेवणखाण, औषधपाणी मुलगा बघणार. मुलाला राग येईल म्हणून लाजू नका, प्रेम असेल तर एक ओळ लिहायला त्याला काय जड जाणार आहे? रिडेव्हलपमेंट चालू असेल तर बिल्डरकडून येणारं भाडं कोणाच्या खात्यात जाणार तेही आत्ताच ठरवा.

खरं तर बहुतेकांनी मृत्युपत्रच करावं. स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि मन बदललं तर केव्हाही बदलता येतं. आणि हो, सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे घर त्याचं झालं असं नाही, वारसांचा हक्क वेगळा.

दुसरी चूक म्हणजे कोर्टाच्या भीतीने गप्प बसणं. मुलं सांभाळत नसतील तर याच ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली पोटगीसाठी अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा असतो, वकील लावायलाच हवा असं नाही, आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. कायद्यात महिन्याला 10,000 ची मर्यादा आहे, मुंबईत ते पुरत नाहीत हे मान्य, पण नुसती नोटीस गेली तरी बरीच मुलं बोलायला तयार होतात. मुलगी पण जबाबदार धरली जाते, फक्त मुलगाच नाही. स्वतः जाता येत नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

पॉवर ऑफ ॲटर्नीवर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायच्या अधिकारपत्रावर, विसंबून राहणं ही तिसरी चूक, आणि याबद्दल कोणी बोलतच नाही. बाबांना डिमेन्शिया झाला, स्वतःचे निर्णय घेता येईनासे झाले की ती पॉवर कायद्याने संपते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. मग बँकेचे पैसे काढायला मुलांना हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. त्यामुळे डोकं शाबूत आहे तोवर जॉइंट खातं, नॉमिनी, मृत्युपत्र ही कामं उरकून घ्या.

आता सांभाळण्याचं. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमधून सांभाळायला बाई किंवा मुलगा ठेवताना आधारची झेरॉक्स घेऊन थांबू नका, पोलीस व्हेरिफिकेशन करा, आणि एटीएमचा पिन कितीही विश्वास असला तरी देऊ नका. वृद्धाश्रम बघताना रात्री नर्स असते का, हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर कोण नेतं, डिपॉझिट परत मिळतं का, हे लेखी घ्या. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, फक्त ते हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावरच, घरच्या ब्युरोवाल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही, त्याची सोय वेगळी लावून ठेवा.