घरी जुळवलेला संगणक सुरू होत नाही तेव्हा

मी स्वतः जुळवलेल्या पहिल्या संगणकाचे बटण दाबले, तेव्हा पंखे अर्धा सेकंद फिरले आणि सगळे शांत झाले. पुन्हा पुन्हा बटण दाबूनही तेवढेच घडत राहिले. घाबरून मी तासाभरात रॅम काढून बसवली, ग्राफिक्स कार्ड उपसले, दोन वायरींच्या जागा बदलल्या आणि मदरबोर्डवरची बॅटरीही काढली. शेवटी मूळची जोडणी कशी होती हेच मला आठवेना. तेव्हापासून मी एका वेळी एकच बदल करतो आणि तो बदल व त्याचा परिणाम वहीत लिहून ठेवतो. नव्याने या कामात पडणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून हेच करावे, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड, कॅबिनेटमधून बाहेर काढला आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता त्याच खोक्यावर ठेवला. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅमची एक पट्टी ठेवून पॉवर सप्लाय जोडला. बटणाची वायर जिथे लागते त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना जोडल्या, तर संगणक लगेच सुरू झाला आणि पडद्यावर बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम, दिसले. म्हणजे सुटे भाग चांगले होते. दोष कॅबिनेटमध्ये होता. बोर्ड उलटून पाहिला, तेव्हा मागच्या बाजूला सोल्डरच्या टोकांवर एक बारीक चकचकीत घासल्याची खूण दिसली. माझा बोर्ड मायक्रो एटीएक्स या लहान आकाराचा होता, आणि मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी कॅबिनेटमध्ये आधीच बसवलेला एक पितळी स्टँडऑफ (बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून उचलून धरणारा छोटा खांब) नेमका त्या खुणेखाली येत होता. तिथे शॉर्ट होत असल्यामुळे पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेत होता, आणि ते त्याचे कामच आहे. तो एक स्टँडऑफ काढल्यावर संगणक सुरळीत चालू लागला.

पंखे फिरत राहतात पण पडद्यावर काहीच येत नाही, ही तक्रार याहून जास्त आढळते. अशा वेळी प्रोसेसरला वीज देणारा ८ पिनांचा कनेक्टर आधी पाहावा. २४ पिनांचा मोठा कनेक्टर सहसा कुणी विसरत नाही, पण हा लहान कनेक्टर बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि राहून जातो, किंवा अर्धवट बसतो. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर वरवर तसाच दिसत असला तरी त्याची रचना वेगळी असते, म्हणून जोर लावून काहीही बसवू नये. वायरी सुट्या होणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये तर दुसऱ्या सप्लायची वायर कधीच वापरू नये, कारण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी उत्पादकागणिक बदलते आणि चुकीच्या वायरीने डिस्क किंवा बोर्ड जळू शकतो.

त्यानंतर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे की मदरबोर्डला, हे पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे बोर्डवरच्या पोर्टमधून चित्र येणारच नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक चार खाचांच्या बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. डीडीआर५ या प्रकारची रॅम असेल, तर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो आणि त्याला काही मिनिटेही लागू शकतात. या वेळी वीज बंद केली, तर ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अनेक बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून सुरू होणे) अशी नावे असलेले चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहतो, तिथून शोध सुरू करावा.

सगळ्यात चिवट दोष म्हणजे अधूनमधून येणारा. माझा दुसरा संगणक दिवसातून एकदोनदा अचानक बंद पडून पुन्हा सुरू होई. विंडोजच्या नोंदीत कर्नेल पॉवर ४१ असे दिसे, पण त्या नोंदीचा अर्थ संगणक नीट बंद झाला नाही एवढाच असतो. कारण त्यातून कळत नाही. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळाच संदेश येत असल्यामुळे मला रॅमचा संशय आला. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवल्यावर चुका दिसल्या. मात्र प्रत्येक पट्टी एकेकटी तपासली तेव्हा दोन्ही निर्दोष ठरल्या. बायोसमधील एक्सएमपी, म्हणजे रॅम मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून रॅम मूळ वेगावर आणली, तेव्हा दोन्ही पट्ट्या एकत्रही एका चुकीविना चालल्या. मी वेग एक्सएमपीच्या वेगापेक्षा एक पायरी कमी ठेवला, आणि तो दोष पुन्हा आला नाही.

प्रत्येक भागाला हात लावण्यापूर्वी वीजजोडणी काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे. पॉवर सप्लायचे आवरण मात्र कधीही उघडू नये, कारण आतल्या कॅपॅसिटरमध्ये जोडणी काढल्यावरही धोकादायक विद्युतभार उरतो. एखादा भाग खराब आहे असे ठरवण्याआधी तो शक्य असल्यास दुसऱ्या चालू संगणकात लावून पाहावा. दोष त्या भागाबरोबर तिकडे गेला, तरच नवा भाग मागवावा.