स्कॉटिश लाइट एल चाखताना घाई नको

'६० शिलिंग' किंवा 'स्कॉटिश लाइट' ही स्कॉटलंडची सौम्य एल (बिअरचा एक प्रकार) हाती आली, तर ती फ्रिजमधून काढून लगेच तोंडाला लावू नका. पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहू द्या. ही एल १० ते १३ अंश सेल्सिअसला खुलते. बर्फासारखी गार प्यायलात तर माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव दबते आणि नुसतं पचपचीत पाणी प्यायल्यासारखं वाटतं. मग लोक उगाच बिअरला नावं ठेवतात!

रंग तपकिरी, कधी चांगलाच गडद. पण अल्कोहोल जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास. शिलिंगचा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या पिंपाच्या भावावरून आलाय: ६० सौम्य, ७० मध्यम, ८० त्याहून कडक.

ग्लास अर्धाच भरा, हलकेच फिरवा आणि आधी वास घ्या. भाजलेल्या पावाची कड, बिस्किट, थोडी टॉफी, हे सापडायला हवं. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास जवळजवळ नसतोच. घोट जिभेवर क्षणभर धरा. सुरुवातीला गोडसर लागेल, पण गिळल्यावर तोंड कोरडं, स्वच्छ व्हायला हवं; चिकट गोडवा मागे रेंगाळत असेल तर ती बिअर फसलीय असं मी खुशाल म्हणेन. फेस आणि बुडबुडे कमी असतात, तो दोष नव्हे. धुराचा वासही शोधत बसू नका, तो काही व्हिस्कींचा गुण; या एलमध्ये त्याची अपेक्षा नसते.

सोबत मुरलेलं चेडर चीज घ्या. तिखट चकण्यापुढे हिचा निभाव लागत नाही.