ट्रॅप चाचणीत शिडी उमटत नाही? या चुका टाळा

ट्रॅप चाचणी टेलोमरेजची क्रियाशीलता तपासते. टेलोमरेज म्हणजे गुणसूत्रांची टोकं, म्हणजेच टेलोमिअर, लांबवणारं विकर; ते काम करत असेल तर जेलवर पट्ट्यांची शिडी उमटते. हेला पेशी कर्करोगाच्या, म्हणजे टेलोमरेज असणारच. तरीही जेल कोरी. अशा वेळी किटला दोष देण्याआधी आपले हात तपासा. टेलोमरेज हे निव्वळ प्रथिन नाही. त्याच्या पोटात आरएनएचा साचा असतो आणि त्यावरूनच टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं टोकाला जोडली जातात. उघड्या बोटांनी हाताळलेली एक टिप पुरते, बोटांवरचं आरएनेज (आरएनए तोडणारं विकर) साचा कुरतडून टाकतं. ग्लोव्ह्ज आणि फिल्टर टिपा हव्यातच.

पेशी फोडायला 0.5 टक्के चॅप्स (सौम्य डिटर्जंट) असलेलं बफर वापरा. बर्फावर 30 मिनिटं ठेवा, मग 4 अंशांवर 12,000 जी वेगाने 20 मिनिटं फिरवा. वरचा द्राव, म्हणजे अर्क, लगेच छोट्या नळ्यांत वाटून उणे 80 ला टाका. एकच नळी रोज वितळवली की क्रियाशीलता गळत जाते. मुंबईहून नाशिकला नमुना येणार असेल, तर कसारा घाटातल्या खोळंब्याचा हिशेब धरून कोरडा बर्फ जास्त भरायला सांगा.

टेलोमरेजने प्रायमर (डीएनएचा छोटा तुकडा) लांबवण्याची 30 मिनिटं बाकावर, 'रूम टेंपरेचर'ला, हा आळस नाशिकात महागात पडतो. मे महिन्यातली दुपार आणि जवळच्या निफाडचा पारा घसरतो ती थंडीतली सकाळ, यांना एकच नाव कसं देणार? नळ्या थेट थर्मोसायकलरमध्ये (पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या यंत्रात) 30 अंशांवर ठेवा.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे पट्टे फिके आले म्हणून अर्क वाढवणं. अर्कातच टॅकला (पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या विकराला) अडवणारे घटक असतात, त्यामुळे उलट पट्टे पुसट होतात. 1000, 100 आणि 10 पेशींइतका अर्क शेजारी शेजारी चालवा. शिडी नाही आणि 36 बेसचा अंतर्गत नियंत्रण पट्टाही (पीसीआर चालला का हे दाखवणारा) नाही, तर पीसीआरच फसलाय. त्याला 'निगेटिव्ह' लिहू नका. 85 अंशांवर 10 मिनिटं तापवून टेलोमरेज निकामी केलेल्या अर्कात शिडी दिसली, तर प्रायमर-डायमर (प्रायमर एकमेकांनाच चिकटून वाढणं) किंवा दूषितता शोधा. पायऱ्यांत अंतर सहाच बेसचं. अ‍ॅगरोज जेलवर त्याचा नुसता धूर दिसतो. 12.5 टक्के पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल घ्या.

शिडी आली म्हणजे कर्करोग, असंही नाही. भ्रूणीय स्टेम सेलमध्ये टेलोमरेज भरपूर असतं. रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलमध्ये थोडं असतं, तरी वयाबरोबर टेलोमिअर झिजतातच. मेसेनकायमल (हाड, कूर्चा, चरबी बनवणाऱ्या) स्टेम सेलमध्ये ते सहसा सापडत नाही. अस्थिमज्जेतून नुकत्याच वाढवलेल्या अशा पेशींत शिडी दिसली, तर सोबत आलेल्या रक्तपेशींवर आधी संशय घ्या. आणि यू2ओएससारख्या हाडाच्या कर्करोगाच्या पेशी टेलोमरेजशिवायच, पुनःसंयोजनाने (डीएनएच्या तुकड्यांची नक्कल-अदलाबदल करून) टोकं राखतात. तिथे कोरी जेल हेच बरोबर उत्तर.