बालीतला लाटांचा हंगाम मध्यावर आला आहे: नाशिकहून येणाऱ्यांसाठी

जूनमध्ये पंधरा दिवसांसाठी पंचवटीतल्या घरी आलो होतो, तेव्हा गंगापूर रोड आणि इंदिरानगर भागातले चार-पाच जण एकामागून एक भेटून गेले. जुलै-ऑगस्टमध्ये बालीला यायचे, दोन-तीन महिने राहून सर्फिंग शिकायचे आणि जमल्यास तिथेच काही कामधंदा पाहायचा, असा सगळ्यांचा साधारण एकच बेत होता. तेव्हा प्रत्येकाला सुचेल तसे सांगितले. आता परतून महिना झाला आहे आणि हंगामही मध्यावर आला आहे, म्हणून तेच सलग लिहून काढतो. मी इथे नऊ वर्षांपासून एका हॉटेलात हिशेबाचे काम करतो. सर्फिंग हा माझा व्यवसाय नाही, सकाळचा छंद आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे.

पहिला गोंधळ ऋतूचा होतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात गंगापूर धरणातून पाणी सोडले की दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले की कमरेपर्यंत, एवढीच चर्चा असते, आणि त्याच दिवसांत बालीत आकाश कोरडे ठणठणीत असते. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण साडेआठ अंशांवर आहे. या महिन्यांत ऑस्ट्रेलियावर हिवाळा असतो, तिथल्या जास्त दाबाच्या पट्ट्यातून कोरडा आग्नेय वारा इंडोनेशियावर येतो, आणि एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम तोच वारा घडवतो. दक्षिण गोलार्धातले हे आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडताना वळतात आणि आपल्याकडचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्याच मोठ्या व्यवस्थेतून येतो. म्हणजे कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात नेमक्या त्याच दिवसांत बालीच्या पश्चिम बाजूला लाट गुळगुळीत मिळते, कारण तिथे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचे तोंड विस्कटू देत नाही. शाळेच्या भूगोलात मतलई वारे शिकलो होतो. परिणाम तसाच, फक्त हा वारा रात्रीपुरता नसून दिवसभर टिकणारा आहे. पूर्वेकडच्या सनूर, नुसा दुआ या किनाऱ्यांवर हाच वारा समुद्रावरून येतो, त्यामुळे त्यांचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च हा असतो. केरामास पूर्वेलाच असले तरी पहाटे, वारा उठण्याआधी, या दिवसांतही चांगले मिळते.

लाटा मात्र या वाऱ्याने तयार होत नाहीत. त्या फार दूर, दक्षिण महासागरातल्या वादळांतून निघतात आणि हिंदी महासागर ओलांडून इथवर येतात. नव्या माणसाने अंदाज वाचताना केवळ उंचीचा आकडा पाहू नये. त्याच्या शेजारी सेकंदांत दिलेला आकडा, म्हणजे दोन लाटांमधला काळ, जास्त महत्त्वाचा असतो. १५ सेकंदांच्या लाटांचा गट खोल पाण्यात ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेगाने सरकतो, त्यामुळे ४,००० किलोमीटरवरच्या वादळाच्या लाटा साधारण चार दिवसांनी पोहोचतात आणि तयारीला वेळ मिळतो. २० सेकंदांच्या लाटा त्याहून वेगवान असल्याने आधी येतात. समुद्र शांत दिसतो, वीस मिनिटे काहीच घडत नाही आणि मग अचानक पाच-सहा मोठ्या लाटांची रांग उभी राहते. दीड मीटर आणि ८ सेकंद हा आकडा शिकाऊ माणसाला झेपेल. दीड मीटर आणि १७ सेकंद असे दिसले तर त्याने त्या दिवशी किनाऱ्यावर बसून नारळपाणी प्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये असे मोठ्या लाटांचे उधाण थोड्या-थोड्या दिवसांनी येतच राहते.

आता ठिकाणांविषयी. बालीच्या दक्षिण टोकाला बुकित नावाचे चुनखडीचे पठार आहे आणि उलुवातू, पादांग पादांग, बिंगिन, इम्पॉसिबल्स, बालांगान ही तुम्ही व्हिडिओत पाहिलेली नावे त्याच्या पश्चिम कड्याखाली आहेत. सध्या सर्वांत सुंदर लाटा तिथेच आहेत, आणि नव्याने येणाऱ्याने पहिले तीन आठवडे तिथे पाण्यात उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खाली वाळू नाही, प्रवाळाचा खडक आहे, आणि ओहोटीला त्यावर गुडघाभरही पाणी उरत नाही. बिंगिनची लाट आखूड, पोकळ आणि गर्दीची आहे. पादांग मोठे उधाण आल्याशिवाय जागे होत नाही, आणि जागे झाल्यावर तिथे आपले काम नसते.

उलुवातूबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रत्येकाला तिथे जायचेच असते. कड्याच्या पायऱ्या उतरून तुम्ही एका गुहेत येता. ओहोटीला गुहेत वाळूचा छोटा तुकडा असतो, भरतीला तो नाहीसा होतो आणि पाणी गुहेच्या भिंतींवर आपटत राहते. बोर्ड छातीशी धरून, लाट ओसरताच तिच्याबरोबर बाहेर निघायचे असते. जाणे सोपे आहे, अवघड आहे ते परतणे. खडकाला समांतर सतत ओढ असते, त्यामुळे गुहेच्या तोंडाकडे सरळ वल्हवत आलात तर तुम्ही तिच्या पुढे निघून जाता. ओढीच्या वरच्या अंगाला बरेच आधी नेम धरावा आणि पाण्यालाच आपल्याला तोंडाशी आणू द्यावे. माझ्या दुसऱ्या वर्षी, संध्याकाळच्या भरतीला, गुहेचे तोंड माझ्याकडून दोनदा चुकले. प्रत्येक वेळी पुन्हा लाटांच्या बाहेर जायचे, पुन्हा वर वल्हवायचे, आणि तोवर अंधार पडत होता. तिसऱ्या खेपेला पायऱ्यांवरच्या एका बलिनीज माणसाने हात हलवून कुठून वळायचे ते दाखवले. तेव्हापासून मी आधी गुहेतल्या पायऱ्यांवर थांबून पाणी कितवी पायरी ओली करते ते बघतो. मारुतीकडे पाहून पूर ओळखणाऱ्या गावातल्या माणसाला ही सवय अवघड जाऊ नये.

सुरुवात कुटाच्या पुळणीवर करावी. खाली वाळू आहे, या वाऱ्यात लाट स्वच्छ राहते, बालाविस्ता हे जीवरक्षक पथक हजर असते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर येऊन पडणारा प्लास्टिकचा कचरा या महिन्यांत बराच कमी असतो. रॉबर्ट कोक या अमेरिकी माणसाने १९३६ मध्ये इथे हॉटेल काढले आणि बालीत सर्फिंग त्याच किनाऱ्यावरून सुरू झाले, म्हणजे जागा कमी प्रतिष्ठेची आहे असेही नाही. चांगगूतले बातू बोलोंग मऊ लाटेचे असले तरी सध्या तिथली गर्दी पाहून मला रविवारची मेन रोड आठवते. सकाळी साडेसहाच्या आत पाण्यात असाल तर जावे. वेळ आणि गाडी असेल तर पश्चिमेला मेदेवीला जावे; गोटे आहेत, पण लाट लांबलचक, संथ आणि डावीकडे पळणारी आहे, आणि गावाला अजून गावपण आहे.

पोहता येते, असे मला सगळ्यांनीच सांगितले. सावरकर तलावात रोज अर्धा तास पोहणाऱ्याचा दम इथे उपयोगी पडतो, यात शंका नाही. परंतु तलावातले पाणी कुठे ओढून नेत नाही, आणि गोदावरीच्या पुरात उड्या मारणाऱ्या आपल्या पोरांना पाणी एकाच दिशेला नेते हे ठाऊक असते. समुद्रात किनाऱ्याकडे आलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत बाहेर धावते. तिथे लाट फुटत नाही म्हणून नवखा माणूस नेमका तीच जागा निवडतो. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर सरका, बोर्ड सोडू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक वाढतो आणि ओढही वाढते. अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोकणात भांग म्हणतात तेव्हा, पाणी मवाळ असते. घरून कालनिर्णय आणलेत तर त्याचा इथे असा उपयोग होतो.

पाण्यातला शिष्टाचार एका वाक्यात सांगता येतो: लाट जिथे प्रथम फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची, आणि त्याच्या पुढ्यात उतरायचे नाही. ऑस्ट्रेलियातल्या शाळांची सुट्टी जुलैच्या मध्याला संपली तरी युरोपातली ऑगस्टअखेरपर्यंत असते, म्हणून गर्दी इतक्यात ओसरणार नाही. स्थानिक मुलांशी वाद घालू नये. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये उतरलेला रिओ वाइदा याच पाण्यात वाढला. ही मुले लहानपणापासून इथे आहेत आणि तुम्ही परवा आला आहात.

बोर्ड भाड्याने घेताना आधी दोन्ही बाजू, कडा आणि मागचे पंख यांचे फोटो दुकानदाराच्या देखत काढावेत. माझ्याकडून एका दुकानात जुन्या भेगेचे पैसे घेतले गेले, ती भेग इतकी जुनी होती की तिच्यात वाळू पिवळी पडली होती. परंतु फोटो नव्हता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

प्रवाळाने कापले तर जखम लहान दिसली तरी भरपूर स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावी, आतले कण काढावेत, जंतुनाशक लावावे आणि लाली वाढली तर डॉक्टरांकडे जावे. खाऱ्या पाण्याने बरे होते यावर विश्वास ठेवू नये. कुत्रा किंवा माकड चावले तर त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी, कारण २००८ पासून बेटावर रेबीज आहे, आणि उलुवातूच्या देवळातली माकडे चष्मा पळवण्यात आपल्या सप्तशृंगीच्या माकडांनाही हरवतील. घरगुती आराक, म्हणजे गावठी दारू, पिऊ नये. त्यात मिथेनॉल निघून माणसे दगावली आहेत. या महिन्यांत खोल समुद्रातले गार पाणी वर येते, म्हणून बुकितला पहाटे थोडे गारठल्यासारखे होते. पूर्ण बाह्यांचा सर्फिंगचा टी-शर्ट उन्हासाठीही लागतोच.

आता कागदपत्रे, ज्यांच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिले जाते. भारतीयांना विमानतळावर मिळणारा व्हिसा ५,००,००० रुपियांचा (रुपिया हे इथले चलन, आपला रुपया नव्हे), ३० दिवसांचा असतो आणि एकदाच आणखी ३० दिवस वाढतो. म्हणजे तीन महिन्यांचा बेत त्यात बसत नाही. तेवढे राहायचे असेल तर दुसऱ्या प्रकारचा व्हिसा निघण्यापूर्वी ऑनलाइन काढावा. मुदत उलटली तर दिवसाला १०,००,००० रुपिया दंड आहे. याशिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाला १,५०,००० रुपियांचे शुल्क भरावे लागते. 'जमल्यास तिथेच काही' म्हणणाऱ्यांनी नीट ऐकावे: पर्यटक व्हिसावर सर्फिंग शिकवणे, हॉस्टेलात राहण्याच्या बदल्यात हात लावणे, यालाही काम समजतात आणि माणसाला परत पाठवतात. मी स्वतः नोकरीचे पत्र आणि परवाना हातात आल्यावर आलो. उशीर झाला, पण रात्री झोप लागते.

स्कूटरसाठी आंतरराष्ट्रीय परवाना पेठ रोडच्या आरटीओतून काढून आणावा. तो एक वर्ष चालतो, आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे ना ते तिथेच पाहून घ्यावे. इथेही वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी पैसे देत नाही, आणि इथले खासगी रुग्णालय परदेशी माणसाकडे आधी विम्याचीच विचारणा करते. विमा घेताना त्यात सर्फिंग धरले आहे का, हेही वाचावे.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी: टेम्पे आणि ताहू (दोन्ही सोयाबीनचे), भात आणि भाज्या कोणत्याही वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खाणावळीत, मिळतात, मात्र 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण मिरचीच्या वाटणात बहुधा तराशी, म्हणजे कोळंबीचे आंबवलेले वाटण, असते. ते वेगळे विचारावे. उपवासाला केळी, रताळी, नारळ मुबलक आहेत. वयाने मोठ्या पुरुषाला 'पाक', बाईंना 'इबू', आणि थोरल्या भावासारख्या माणसाला 'ब्ली' म्हणावे. 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणून नमस्कार केलात तर समोरचा आनंदाने थांबतो. दारासमोर पानाच्या द्रोणात ठेवलेला फुलांचा नैवेद्य ओलांडू नये, त्यावर पाय तर नाहीच नाही.

ज्यांनी अजून तिकीट काढलेले नाही त्यांनी सप्टेंबरचा विचार करावा. गर्दी उतरते, खोल्यांचे भाडे खाली येते, वारा थोडा मंदावतो आणि दक्षिणेकडून लाटा ऑक्टोबरपर्यंत येत राहतात. ज्यांचे ऑगस्टचे तिकीट निघालेले आहे त्यांनी पहिला आठवडा कुटाजवळच मुक्काम करावा आणि घड्याळ अडीच तास पुढे करून रात्री नऊला झोपावे, कारण पहाटे सहाला उजाडण्याच्या बेताला पाणी पाहायला किनाऱ्यावर यायचे आहे.