कम्प्युटरवरून संगीत ऐकताना होणाऱ्या चुका : नवीन काही घेण्याआधी हे तपासा

कम्प्युटरला चांगले स्पीकर जोडले, डॅक (कम्प्युटरमधल्या डिजिटल आवाजाचा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणारं उपकरण) घेतला, फ्लॅक (संगीतातलं काहीही न गाळता साठवलेल्या) फायलींनी हार्ड डिस्क भरली, आणि तरीही आवाज मनासारखा येत नाही. मग पहिला विचार येतो तो आणखी भारी काहीतरी आणायचा. तसं करण्याआधी थोडं थांबा. बहुतेक वेळा वस्तूत खोट नसते. जोडताना किंवा मांडताना काहीतरी राहिलेलं असतं आणि ते घरच्या घरी, एका संध्याकाळी सापडतं. एकच पथ्य पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तेच गाणं पुन्हा ऐका. तीन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही.

गाणं बंद, तरी घूं चालू

सगळ्यात जास्त छळणारा दोष हा. गाणं थांबवलं तरी स्पीकरमधून बारीक घूं येत राहते. माऊस हलवला की त्यात किरकिर मिसळते. मी यापायी एकामागून एक तीन केबल बदलल्या होत्या. शेवटी बॅटरी भरली म्हणून लॅपटॉपचा चार्जर काढला आणि खोली एकदम शांत झाली. दोष केबलचा नव्हताच, अर्थिंगचा होता.

होतं असं की कम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही विजेच्या बोर्डातून अर्थिंगला जोडलेले असतात आणि वर ऑडिओ केबलची बाहेरची जाळीही त्या दोघांना जोडते. असा पूर्ण फेरा तयार झाला की त्यातून थोडा करंट फिरत राहतो. विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण आणि कम्प्युटरच्या आतली खुडबुड त्याच वाटेने संगीतात शिरते.

म्हणून आधी लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबली तर निदान झालं. मग कम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (विजेचा थेट जोड तोडून आवाज तेवढा पुढे नेणारी छोटी पेटी) लावा, किंवा दोन्हीकडे सोय असेल तर ऑप्टिकल केबल वापरा. ऑप्टिकलमधून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे विजेचा संबंधच तुटतो. नव्या ऑप्टिकल केबलच्या टोकांना प्लॅस्टिकची इवलीशी पारदर्शक टोपणं असतात. ती काढल्याशिवाय पिन नीट बसत नाही आणि आपण उगाच सेटिंग्ज चाळत बसतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका : घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडणं किंवा तिला टेप गुंडाळणं. आवाज जाईलही, पण ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरेल आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

घूं नसून नुसता सुस्स असा आवाज असेल तर प्रकरण वेगळं. तिथे बहुधा कम्प्युटरचा आवाज अगदी कमी आणि ॲम्प्लिफायरचं बटण खूप वर असतं. उलटं करा. कम्प्युटरचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करा. ॲम्प्लिफायर आधी खाली आणायला विसरू नका.

लाल-काळ्याची गफलत

गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोब्बर मधून यायला हवा. तो खोलीभर पसरल्यासारखा, कुठून येतोय ते कळेनासा वाटत असेल आणि तबल्याच्या बायाँचा घुमारा गायब असेल, तर एका स्पीकरची वायर उलटी लागली आहे असं समजा. एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना मारतात. ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. तेव्हाच वायरीचे तांब्याचे धागे घट्ट पिळून घ्या. सुटा राहिलेला एक धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होऊन ॲम्प्लिफायर जाऊ शकतो.

स्पीकर कुठे ठेवलेत?

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि लक्षही सगळ्यात कमी इथेच दिलं जातं. जागा दिसेल तिथे, एक कपाटावर आणि एक टेबलाखाली, असे स्पीकर ठेवले तर कुठलाही डॅक काही करू शकत नाही. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधले वरच्या सुरांचे छोटे पडदे, कानाच्या उंचीला असावेत. स्पीकर टेबलावर बसके असतील तर पुढून थोडे उचलून वर कलते करा.

स्पीकर कोपऱ्यात कोंबला की खालचे सूर फुगतात आणि सगळंच घुम्म वाटतं. पाठीमागे हवेचं भोक असलेले स्पीकर तर भिंतीला चिकटवूच नका. वीतभर पुढे ओढून ऐका, मग आणखी वीतभर. फरक लगेच कानाला कळतो.

बाजूच्या भिंतीसाठी एक सोपी युक्ती आहे. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि कुणालातरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथूनच आवाज आपटून तुमच्याकडे येतो. तिथे पुस्तकांचं शेल्फ किंवा जाड पडदा आला की गाण्यातले शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागतात.

सेटिंग्जमधले खोडे

आवाजच येत नसेल तर आधी आउटपुट कुठे लागलंय ते बघा. एचडीएमआयने मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा आवाज परस्पर तिकडे वळवतं. ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा, त्यातल्या काही करामती हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबून टाकतात.

सीडीचं संगीत 44.1 किलोहर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने) असतं, व्हिडिओचा आवाज सहसा 48 चा. विंडोज सगळंच एका ठरलेल्या दरात बदलून पुढे पाठवतं. मुख्यतः सीडीवरून घेतलेलं संगीत ऐकत असाल तर दर 44.1 आणि बिट डेप्थ (प्रत्येक नमुन्याची बारकाई) 24 ठेवा, किंवा फूबार2000 सारख्या प्लेअरमध्ये वासापीचा (विंडोजमधला आवाज पाठवण्याचा एक मार्ग) एक्सक्लुझिव्ह मोड निवडा, म्हणजे विंडोजची ही बदलाबदल टळते. मॅकवर हेच काम ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये होतं. यातून कानाला जाणवणारा फरक स्पीकर हलवण्याच्या मानाने बारीकच असतो, म्हणून हे नंतर करा.

मधूनच टक-टक होत असेल तर डॅक यूएसबी हबमधून काढून थेट कम्प्युटरला लावा आणि प्लेअरचा बफर (आधीच वाचून ठेवलेला आवाजाचा साठा) वाढवा. 128 केबीपीएसच्या एमपी3 फायलीचं फ्लॅक करण्यात वेळ घालवू नका. जे एकदा गाळलं गेलं ते परत येत नाही, फाईल तेवढी मोठी होते.

चालू-बंद करतानाचा क्रमही सांभाळा. चालू करताना कम्प्युटर आणि डॅक आधी, ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर सगळ्यात आधी. नाहीतर प्रत्येक वेळी जो धप्प आवाज होतो, त्याचा सगळा मार स्पीकरच्या पडद्याला बसतो.