मोबाइलवर पासवर्ड मॅनेजर वापरताय? या चुका टाळा

सगळ्यांत महागात पडणारी चूक सोयीतूनच होते. ॲप बोटाच्या ठशाने उघडतं, त्यामुळे मास्टर पासवर्ड (बाकीचे सगळे पासवर्ड ठेवलेली तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड) महिनोन्‌महिने टाइपच होत नाही. मग एक दिवस नवा फोन येतो, किंवा सेटिंग्जमध्ये आणखी एक बोट नोंदवलं जातं. बरीच ॲप्स अशा वेळी जुना ठसा मानत नाहीत, मास्टर पासवर्डच मागतात, आणि तो आठवत नाही. बिटवॉर्डन किंवा वनपासवर्ड अशा मॅनेजर बनवणाऱ्या कंपन्यांकडे तुमचा मास्टर पासवर्ड नसतोच. रिकव्हरीची सोय आधी केलेली नसेल, तर तिजोरी कायमची बंद. म्हणून आठवड्यातून एकदा तो हाताने टाइप करा. शिवाय कागदावर लिहून घरात जपून ठेवा. कागदावर लिहू नये असं अनेकजण सांगतात, मला ते पटत नाही. घरातला कागद इंटरनेटवरून कुणी चोरू शकत नाही.

त्या तिजोरीच्या लॉगिनला लागणारा ओटीपी तिच्याच आत ठेवू नका. कुलूप लावून किल्ली आतच राहिल्यासारखं होईल. ओटीपी मिळेनासा झाला तर वापरायचा रिकव्हरी कोडही त्याच कागदावर उतरवा.

‘पासवर्ड आपोआप भरला जात नाही’ ही नेहमीची तक्रार. अँड्रॉइडवर ही सोय आवृत्ती ८ पासून (२०१७) आणि आयफोनवर इतर कंपन्यांच्या ॲप्ससाठी आयओएस १२ पासून (२०१८) आहे, पण ती चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये ‘ऑटोफिल’ शोधा आणि तिथे तुमचं ॲप निवडलेलं आहे का पाहा. तरीही अधूनमधून बंद पडत असेल, तर बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन ते ॲप मागे बंद करत असण्याची शक्यता आहे. त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढा.

मात्र नेहमी पासवर्ड सुचवणारा मॅनेजर एखाद्या पानावर अचानक गप्प बसला, तर आधी पत्ता अक्षर न्‌ अक्षर वाचा. मॅनेजर पानाचं रूप पाहत नाही, डोमेन, म्हणजे पत्त्यातलं साइटचं नाव, जुळवतो. एक अक्षर बदललेली बनावट साइट आपल्या डोळ्यांना फसवते, त्याला नाही. अशा वेळी वैतागून पासवर्ड कॉपी-पेस्ट केला, की त्याने दिलेलं संरक्षण आपणच काढून टाकतो.

एरवीही कॉपी करणं टाळाच. काही कीबोर्ड क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेल्या मजकुराचा, इतिहास साठवतात आणि पासवर्ड तिथे पडून राहू शकतो. ठरावीक सेकंदांनी क्लिपबोर्ड पुसण्याची सोय बहुतेक मॅनेजरमध्ये असते, ती चालू ठेवा.

कीपास हा मॅनेजर सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये ठेवतो. ती फाइल फक्त फोनवर असेल, तर फोनसोबत तीही जाते. दुसरी प्रत हवीच, आणि ती उघडून पाहिलेली हवी. एका मॅनेजरमधून दुसऱ्यात जाताना तयार होणारी सीएसव्ही फाइल तर साध्या मजकुरात असते. सगळे पासवर्ड उघडे! काम झालं, की डाउनलोड्समधून आणि ट्रॅशमधूनही ती काढून टाका.